३१ मेला रिटायर झालो, आता पुढे काय?

१ जून हा अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला आठवायची नाही, मग गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे, आणि राज्य सरकारात १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच ५८ पूर्ण धरून निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मेला ऑफिसाऑफिसात शाल-श्रीफळाची नुसती रांग लागते. मीही त्या रांगेतलाच. आई म्हणते तू श्रावणातला, म्हणजे अजून दोनेक महिने पगार मिळायला हरकत नव्हती, पण असो.

निरोप समारंभात प्रत्येकाला विचारतात, साहेब आता पुढे काय? उत्तरही ठरलेलं असतं, गावाकडं जाऊन शेती बघणार. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलोय, ऑफिसात काम जास्त झालं, साहेब बोलले, बदलीची ऑर्डर आली की लगेच "बास, आता शेती". ते भाषणात बरं वाटतं. पण खरा विचार करायला लावला तो पेन्शनच्या कागदांनी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेन्शनमधला ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, त्याला अंशराशीकरण म्हणतात, आणि तेवढी कमी झालेली पेन्शन १५ वर्षांनी परत चालू होते. आस्थापनेतला पोरगा फॉर्म भरून घेताना सहज म्हणाला, "म्हणजे सर, फुल पेन्शन त्र्याहत्तराव्या वर्षी." मी दोन मिनिटं गप्पच. एवढी वर्षं नुसती शेती बघणार, शेती बघणार म्हणत काढायची?

घरी हिशोबाला बसलो. एकरकमी पैसे घ्यायचे तर बोअर मारू, मोटर बसवू, ठिबक करू असं मी बोलत होतो आणि बायको शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तुमच्या हातात खुरपं कधी बघितलं नाही मी." खरंय की. विहीर पाडायचं स्वप्न वडिलांचं होतं, माण तालुक्यातल्या आमच्या माळावर त्यांची सगळी हयात पावसाची वाट बघण्यात गेली, आणि ते गेल्यावर ते स्वप्न माझ्या नावावर सातबाऱ्यासारखं आपोआप चढलं. माझी हरकत कुणी विचारली नाही आणि मीही घेतली नाही. जमीन भाऊ कसतोय, चांगली कसतोय, मी तिथं जाऊन त्याला फक्त सूचना देणार, म्हणजे भांडणंच.

मग डायरी घेऊन "रिटायर झाल्यावर करू" म्हणून जे जे बोललो होतो ते सगळं लिहून काढलं, आणि प्रत्येकापुढं हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते लिहिलं. चारधाम, मेहुणा. फ्लॅटचं इंटिरियर, पोरगी. सोसायटीचं सेक्रेटरीपद, हे तर कुणीच नाही, शेजाऱ्यांनी परस्पर ठरवलेलं. माझं स्वतःचं निघालं ते भलतंच, नवीन लागलेल्या पोरांना सेवापुस्तकातल्या, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीचा सगळा हिशोब असतो त्या पुस्तकातल्या, नोंदी आणि नियम समजावून सांगणं. सगळ्या नोकरीत तेवढं एक काम मी कंटाळा न करता केलं, वेतननिश्चितीचं एखादं किचकट प्रकरण फोडून दाखवलं की पोरांचा चेहरा खुलायचा ना, ते बघायला मजा यायची.

आता जुन्या ऑफिसातून कंत्राटी पद्धतीनं या म्हणून फोन येतायत. तेच टेबल, त्याच फायली, पगार तेवढा कमी. जे परवा रिटायर झाले ते सोमवारी परत डबा घेऊन निघालेलेही बघितलेत मी, पैशाची गरज असेल तर ठीकच आहे, पण बऱ्याच जणांना नुसतं घरात बसायची भीती वाटते. तुमचं रिटायरमेंट जवळ आलं असेल तर पहिले काही महिने कुणालाच शब्द देऊ नका, लोक आग्रह करतातच. मी दिवाळीपर्यंत सगळ्यांना "बघतो" एवढंच सांगतोय. बोअरचा विषय बंद केला, भावाला फोन करून तसं सांगितलंही, तो जरा जास्तच खुश झाला.

नोव्हेंबरात हयातीच्या यादीवर, म्हणजे पेन्शनवाला अजून जिवंत आहे याची खूण म्हणून, सही करायला बँकेत जायचंय, तिथं ३१ मेवाले सगळे भेटतीलच. कोण कोण खरंच शेतीत उतरलं ते विचारून घेतो.