ऐकायला गेले, बघून आले

रविवार, पहाटेचे दोन

कान अजून सुन्न आहेत. आवडत्या गायकाच्या कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर मैत्रीण काहीतरी विचारत होती आणि मला फक्त तिचे ओठ हलताना दिसत होते. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता बघणाऱ्या अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ठीक, पण १०० डेसिबलला हीच मुदत पंधरा मिनिटांवर येते. आज किती होता ते मोजायला माझ्याकडे काही नव्हतं, पण बेसचा प्रत्येक ठोका छातीत बसत होता. असो. आवाज मोठा होता ही तक्रार नाहीच मुळी. एवढ्या मोठ्या आवाजात एक ओळ धड कळली नाही, ही आहे.

त्याची गाणी मला तोंडपाठ. तो श्वास कुठे घेतो, कुठल्या अक्षरावर रेंगाळतो, सगळं ठाऊक. त्यामुळे न ऐकू आलेले शब्द मनातल्या मनात भरले जात होते. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नसतं. बंद, उंच छताच्या सभागृहात खालचे स्वर भिंतींवर आपटून घुमत राहतात, लवकर विरत नाहीत. ‘स’, ‘त’, ‘क’ यांची धार असते वरच्या कंपनांत, आणि बेस तीच आधी बुडवतो. उरतात नुसते आकार-ओकार. त्यात आम्ही पार मागे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर ड्रमवर पडलेली काठी आधी दिसते आणि ठोका त्यानंतर जवळजवळ एक तृतीयांश सेकंदाने पोचतो. म्हणून मागच्यांसाठी मध्ये लावलेल्या स्पीकरना हिशेबाने उशीर द्यावा लागतो, नाहीतर शब्द दोनदा ऐकू येतो. आज दोनदा येत होता. रिकाम्या हॉलमध्ये जुळवलेला साउंड माणसं भरली की बदलतो, हे साउंडवाल्यांना काय मी सांगायचं? पण मध्ये एकदा कुणीतरी मागच्या रांगांपर्यंत चालत येऊन ऐकायला हवं होतं.

तरी हे सगळं मी पोटात घातलं असतं.

तिसऱ्या की चौथ्या गाण्यात, अंतरा संपता संपता त्याने माईक ओठांपासून काढला आणि हात लांब करून आमच्याकडे धरला. शेवटचा शब्द मात्र तसाच भरदार, तसाच लांब वाजत राहिला. मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तोंड मिटलेलं. माझ्या आजूबाजूचे लोक आनंदाने ओरडत होते, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. पुढचं प्रत्येक गाणं मी ऐकण्याऐवजी तपासत बसले. मान वळली, आवाज हलला का? धावत पायऱ्या चढला, दम लागला का? एकदा शंका आली की संध्याकाळ हातातून गेलीच.

हल्ली वादकांच्या कानात क्लिक, म्हणजे ताल धरून ठेवणारी टिकटिक, असते, प्रकाशयोजना आणि पडद्यावरची चित्रं तिलाच बांधलेली असतात, हे मला माहीत आहे. पाठीमागे कोरस, व्हायोलिनचा ताफा रेकॉर्डवरून आला तर माझी हरकत नाही. पण मुख्य आवाज? १९८९ मध्ये मिली व्हॅनिली या पॉप जोडीचा आधीच रेकॉर्ड केलेला ट्रॅक ऐन कार्यक्रमात अडकला आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहिली. रेकॉर्डवरही ते गायलेच नव्हते हे पुढच्या वर्षी बाहेर आल्यावर त्यांचं ग्रॅमी काढून घेतलं गेलं. तेव्हा निदान लोक चिडले तरी. आज माझ्या रांगेत कुणालाच काही वाटलं नाही, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतंय.

उलट बाजूही आहे. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स पंचावन्न हजारांहून अधिक लोकांसमोर गायले. किंकाळ्या एवढ्या, की त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येईना. पुढच्याच वर्षी त्यांनी दौरे कायमचे बंद केले. ऐकूच जाणार नसेल तर गायचं कशाला, या निर्णयाबद्दल मला आदर आहे.

वयाने आवाज उतरतो, हे मान्यच. पट्टी खाली आणावी, तार सप्तकातली जागा सोडून द्यावी, दोन गाणी कमी गावीत. कोण नाही म्हणणार होतं? मध्ये एक गाणं त्याने खरंच गायलं. वादक बाजूला झाले, एकटी गिटार उरली, आणि इतका वेळ घोंगावणारा हॉल एकदम स्वच्छ झाला. शब्द न् शब्द आला. वरच्या षड्‌जावर आवाज चिरला. तो थांबला, गिटारवाल्याकडे बघून मान हलवली, ती ओळ पुन्हा घेतली, या वेळी खालून, हळू. रेकॉर्डवर ती जागा निर्दोष आहे आणि मी ती वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. आजची मला जास्त आवडली. माझे डोळे भरून आले. मैत्रीण मात्र कुजबुजली, “दमलाय गं तो.” दमलेलाच हवा होता मला.

त्यानंतर पुन्हा दिवे, धूर, तोच गुळगुळीत आवाज. त्या एका गाण्याला मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. शेवटी सगळा हॉल उभा राहिला तेव्हा मी बसूनच राहिले.