मिरजेच्या मावशी आणि माझी उचकी

मला उचकी लागते ती कोरड्या भाकरीच्या पहिल्याच घासाला. सोबत खर्डा असेल तर बघायलाच नको. लगेच सासूबाई नावं घ्यायला लागतात. "पुण्याच्या वन्सं असतील. नाहीत? मग तुझी आई. तीपण नाही? मग मिरजेच्या मावशी!" बहुतेक वेळा मावशींच्या नावाला उचकी थांबते, कारण त्यांचं नाव सगळ्यात शेवटी येतं. उचकी तशीही आपली आपण थांबणार असते. त्या वेळी जे चाललेलं असेल त्याला श्रेय.

होतं काय, तर छाती आणि पोटाच्या मधला श्वासपटलाचा स्नायू अचानक आखडतो, हवा झपकन आत ओढली जाते आणि पुढच्याच क्षणी स्वरयंत्राची फट बंद होते. 'हिक्' म्हणजे ते दार आपटल्याचा आवाज. भरभर गिळलेले घास, तिखट, सोडा, गच्च भरलेलं पोट, दारू, खदखदून हसणं, काहीही पुरतं.

मी श्वास रोखून पाण्याचे छोटे छोटे घोट एका दमात घेते. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि आखडणं बऱ्याचदा थांबतं. चमचाभर कोरडी साखर गिळूनही फरक पडतो. धाकट्या दिरांचा उपाय म्हणजे मागून येऊन 'भो' करणं. त्याने माझ्या हातचं पाणी सांडतं, उचकी काही जात नाही.

तान्ह्या बाळाच्या कपाळावर ओला दोरा ठेवतात, तो खुशाल ठेवा. बाळं पोटात असतानाही उचक्या देतात, घाबरायचं कारण नाही. फक्त सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्यासाठी पाणी पाजू नका, उगीच.

पण आमच्या मामांची उचकी दोन दिवस उलटले तरी हटेना. जेवण नाही, झोप नाही. मामी सुंठ-मध चाटवत बसल्या होत्या. शेवटी डॉक्टरांकडे नेलं, तर रक्तात सोडियम कमी निघालं. मूत्रपिंडाच्या दुखण्यातही अशी उचकी लागते म्हणे. अठ्ठेचाळीस तासांच्या वर गेली की घरी बसायचं नाही, असं त्यांनी बजावलं. अ‍ॅडमिट करून सोडियम भरून काढलं, तेव्हा कुठे मामा जेवले. तेही मऊ भात, मामींच्या देखरेखीखाली, सावकाश.