आर्वीला डीक्यू मिळाला

बाबांनी पेढे वाटले, तिथून घोळ सुरू झाला.

परवा आम्ही गावात उतरलो. फाट्यापासून घरापर्यंत येता येता चौघांनी गाडी थांबवली आणि माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "अमेरिकेत पयली आली म्हन्ते पोट्टी!" लेक माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेरची पऱ्हाटी बघायला लागले.

खरं म्हणजे पोहण्याच्या स्पर्धेत ती पहिली आली नाही. ती बाद झाली. घरच्या ग्रुपवर मी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'ब्रेस्टस्ट्रोकच्या हीटमध्ये सगळ्यात आधी पोचली.' (ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे बेडकासारखे हातपाय मारत पोहणं, हीट म्हणजे शर्यतीतली एक तुकडी.) यात एक अक्षर खोटं नाही. पुढचं वाक्य तेवढं लिहायचं राहिलं. मग बाबांनी आर्वीला जाऊन किलोभर पेढे आणले.

आर्वी म्हणजे तालुका. आणि लेकीचं नावही आर्वीच. माहेरची आठवण म्हणून मोठ्या हौसेनं ठेवलं. नॉर्थ कॅरोलिनात त्याचं 'आर-व्ही' झालं, आणि आर-व्ही म्हणजे तिकडे पलंग, ओटा सगळं आत असलेली फिरायची गाडी. स्पर्धेत पोरांना रांगेत बसवणाऱ्या बाईंनी नाव पुकारलं की आजूबाजूची पोरं हॉर्नचा आवाज काढतात. तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

तिकडची उन्हाळी पोहण्याची स्पर्धा म्हणजे कार्तिकातली कौंडण्यपूरची जत्रा. पहाटे साडेपाचला लोक तंबू ठोकून जागा धरतात. घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या, पत्त्यांचे डाव. पोरं जेलीची कोरडी पावडर पाकिटात बोट बुडवून चाटतात, त्यानं म्हणे ताकद येते. मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, त्या शेजारच्या तंबूतल्यांनीच संपवल्या. एकेका पोराची शर्यत मिनिटभराची, आणि त्यासाठी अख्खं घर पाच-सहा तास उन्हात. मधे ढग गडगडले की सगळे पाण्याबाहेर. शेवटच्या गडगडाटापासून तीस मिनिटं कोणी पाण्यात पाय घालायचा नाही. पुन्हा गडगडलं की पुन्हा तीस मिनिटं. आमच्याकडे पावसात बाया-माणसं झाडाखाली थांबतात आणि दर पावसाळ्यात वीज पडल्याची बातमी येते, तरी त्या अर्ध्या तासाला कुरकुरणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होते.

पोरांच्या दंडावर पेनानं चौकटी आखतात: कितवी शर्यत, कितवी हीट, कुठली लेन. वेळापत्रक पाण्यात भिजतं, दंड कुठे जात नाही. पाठीवर मैत्रिणी काहीबाही लिहितात. आर्वीच्या पाठीवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'माझे बुडबुडे खा.' व्हिडिओ कॉलवर आईनं ते पाहिलं. "काय व हे, पोट्टीच्या आंगावर काय गोंदून ठेवलं?" आईच्या स्वतःच्या हातावर कोपरापर्यंत गोंदण आहे.

आता मुख्य तक्रार. प्रत्येक घरानं सीझनमध्ये ठरलेल्या वेळा काम करायचंच; नाही केलं तर अनामत विसरायची. म्हणजे फी आपण भरायची, पहाटे आपण उठायचं आणि वर राबायचंही आपणच. इकडे शाळेच्या गॅदरिंगला पालकांना सतरंज्या उचलायला लावून बघा. (तसं आमच्या गावात लग्नाच्या पंगतीत अर्धं गाव वाढायला असतं आणि त्यासाठी कोणाची अनामत ठेवावी लागत नाही. हे मला तिथे उन्हात उभी असताना आठवलं आणि राग जरा वाढलाच.)

मला लेन तीनची टायमर केलं. एका लेनला दोन माणसं, दोन घड्याळं. भोंगा वाजला की बटण दाबायचं, एवढंच असेल असं वाटलं होतं. तसं नसतं. भोंग्याबरोबर एक दिवा चमकतो, त्या दिव्यावर दाबायचं. आवाज मागून येतो. वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर, हे शेतात वाढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको, पण घड्याळाच्या बटणाशी त्याचा संबंध जोडायला मला पन्नाशीतल्या एका गोऱ्या गृहस्थांनी शिकवलं. ते माझे जोडीदार टायमर. त्यांची मुलं कधीच मोठी होऊन कॉलेजात गेलीत, तरी ते येतात. का, असं विचारलं तर म्हणाले, सवय.

नऊ-दहा वर्षांच्या मुलींचा पन्नास यार्ड ब्रेस्टस्ट्रोक. तलाव पंचवीस यार्डांचा, म्हणजे आपले जेमतेम तेवीस मीटर. जायचं, वळायचं, यायचं. आर्वी लेन पाचमध्ये, मी लेन तीनच्या डोक्याशी. आधी छोट्या छोट्या शिट्ट्या, मग एक लांब शिट्टी, मुली ठोकळ्यांवर चढल्या. दिवा चमकला. मी बटण दाबलं.

जाताना आर्वी दुसरी होती. पलीकडच्या भिंतीला हात लावून वळली आणि वळताना पुढे गेली. कशी गेली ते मला दिसलं नाही. इतकंच दिसलं की पलीकडच्या काठावर पांढऱ्या शर्टातल्या एका माणसानं हात वर केला. सरळ, डोक्याच्या वर, पंजा उघडा. वर्गात उत्तर येणारा मुलगा करतो तसा. आणि तसाच धरून ठेवला. मला वाटलं पंखा लावायला सांगत असेल, इतकी मी अडाणी. जोडीदार हळूच म्हणाले, "कोणीतरी गेलं." म्हणजे बाद; चूक दिसली की पंच असा हात वर धरतो. तोवर आर्वी माझ्या पुढून भिंतीला लागलीसुद्धा, सगळ्यात आधी, दोन्ही हातांनी, आणि चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे बघून हसली.

त्या नादात लेन तीनच्या मुलीचा हात कधी लागला ते मी पाहिलंच नाही. माझं घड्याळ चालूच. जोडीदारांनी आपल्या घड्याळातली वेळ कागदावर लिहिली, माझ्या रकान्यात रेघ मारली आणि काही बोलले नाहीत.

ब्रेस्टस्ट्रोकला वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. वर-खाली चालतात, मागे-पुढे चालत नाहीत. एक हात आधी लावला की शरीर लवकर वळतं, म्हणजे तेवढा फायदा. बटरफ्लाय या पोहण्याच्या दुसऱ्या प्रकारालाही तेच. आर्वीनं वळताना एकच हात लावला होता. बाद केल्याची चिठ्ठी आली, तिच्यावर तेवढ्या एका चौकटीत खूण. ती हीट जिंकलीच नव्हती. शर्यत पुरी झाल्याचीही कुठे नोंद नाही.

त्या माणसाचा मला इतका राग आला की काय सांगू. नऊ वर्षांची पोर! ऑलिम्पिक आहे का हे? उन्हाळ्याची मजा म्हणून पाठवतो आम्ही. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत धावण्याच्या शर्यतीत एखादी पोर रेघेच्या अर्धा हात पुढून सुटली तर गुरुजी हसून सोडून द्यायचे. क्षणभर नको तोही विचार डोक्यात आला, की हात आमचीच पोर बघून वर झाला का. मग त्याच सकाळी त्याच माणसानं आणखी तीन-चार जणींना बाद केलं. त्यांत त्याच्याच क्लबची टोपी घातलेली एक होती. ते मी पाहिलं, पण राग उतरवायला म्हणून मोजलं नाही. दुपारी तो हॉट डॉगच्या रांगेत माझ्या पुढे होता. वळून म्हणाला, तुमच्या मुलीची लाथ फार सुंदर आहे. मी थँक्यू म्हटलं आणि रांग सोडली.

आर्वी रडली, टॉवेलमध्ये तोंड घालून, पाचेक मिनिटं. तिची कोच म्हणजे बारावीतली पोरगी. ती उकिडवी बसून तिला म्हणाली, लिली किंग माहितीये ना? २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण जिंकलेली. तीच २०१९ च्या जागतिक स्पर्धेत, ग्वांग्जूला, २०० मीटरच्या पहिल्याच फेरीत बाद झाली. वळणावर दोन्ही हात एकदम लागले नाहीत म्हणून. आर्वीनं टॉवेलमधून एक डोळा बाहेर काढला. मग ती जेली चाटायला गेली. माझं मात्र लिली किंगनं काही भागलं नाही.

फोटो मी संध्याकाळी टाकला. तो कुठला टाकायचा यावर अर्धा तास गेला, तेही सांगून टाकते. पाण्यातून निघतानाचा छान आला होता, पण त्यात उघडी पाठ, उघडे पाय. ग्रुपवर काकाजी आहेत, मोठी आई आहे, भाऊजींच्या घरचे आहेत. मी टॉवेल गुंडाळलेला निवडला आणि तोही खालून कापला. आर्वीनं विचारलं, पाय का कापले? म्हटलं, फोटो मावत नव्हता.

घराच्या मागे संत्र्याच्या वाडीत आमची विहीर आहे. बाबांनी दादाला तिथे शिकवलं. कमरेला दोर, पाठीला तेलाचा रिकामा डबा, आणि वरून ढकललं. तिसऱ्या दिवशी डबा काढला. दादाच नाही, गावातली निदान वीस-पंचवीस पोरं बाबांच्या दोराला लटकून शिकली. सूर मारतात, मुटके मारतात, तळाचा दगड काढून आणतात. त्या पोरांना लेन तीनमध्ये सोडलं तर काय होईल, असं मला तिथे वारंवार वाटायचं. अभिमान वाटतो हो, का नाही वाटणार.

मी मात्र काठावर कपडे सांभाळायची. सगळ्यांच्या चड्ड्या-बनियनी, चपला, दादाचं घड्याळ. पोरींनी विहिरीत उतरायचं नाही असं मला कधी कोणी सांगितल्याचं आठवत नाही. सांगायची वेळच आली नाही. मला आजही पोहता येत नाही. दोन सीझन झाले, पाण्याच्या काठाशी घड्याळ घेऊन उभी राहते, आणि पाय घसरला तर आधी मलाच काढावं लागेल.

शेततळ्याचंही लिहायला हवं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातला एक मुलगा शेततळ्यात गेला. त्याला पोहता येत होतं, विहिरीत शिकलेला. पण शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर, त्यावर शेवाळ, उतार गुळगुळीत. पोहणाराही काठाला येतो आणि वर चढू शकत नाही. हात लावायला भिंत असते, धरायला काही नसतं. एखादा गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवला तरी माणूस निघतो. दादाच्या शेततळ्यालाही दोर नव्हता. काल मी स्वतः उभं राहून चारही बाजूंनी दोर सोडवले, ट्यूब बांधली, तारेच्या कुंपणाला कुलूप लावलं. दादा वहिनीला म्हणाला, "अमेरिकेतून कायदा घेऊन आली हे." म्हणू दे. पण मग मलाच तो पांढरा शर्ट आठवला आणि मी दुसरीकडे बघितलं.

रात्री जेवणं झाल्यावर बाबांना खरं सांगितलं. एक हात, दोन हात, चिठ्ठी, सगळं. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. मग कपाटातून कात्रण काढलं, आपल्या विदर्भाच्या कांचनमाला पांडेचं. तिला दिसत नाही. २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या पॅरा जलतरणाच्या जागतिक स्पर्धेत तिनं २०० मीटर मिडलेचं, म्हणजे चारही प्रकारांनी पोहायच्या शर्यतीचं, सुवर्ण आणलं. बाबांचा प्रश्न एवढाच होता, "हिले भिंत दिसत नाही, तं हात बरोबर कसे लागते?" मी सांगितलं, काठावरचा माणूस लांब काठीनं अंगाला टिचकी देतो, भिंत आली म्हणून. बाबांनी ते दोनदा विचारून घेतलं. काठी केवढी, टिचकी कुठे. मग म्हणाले, "अन् तुया पोट्टीले दोन डोये असून एकच हात लागला."

म्हटलं, बाबा, लोकांना सांगायला पाहिजे ना.

"पेढे का आता वापस मांगू?"

सकाळी ते काम आर्वीनंच केलं. आजीबरोबर दुकानात साखर आणायला गेली होती. दुकानदारानं पहिल्या नंबराचं विचारलं, तर तिनं साफ सांगितलं, पहिला नंबर नाही, मला डीक्यू मिळाला. तिचं मराठी तसंच आहे. इंग्रजीत 'डीक्यू' म्हणजे बाद, आणि तो जसा तिकडे मिळतो तसा तिनं इकडे मिळवला.

दुपारपर्यंत तीनजण घरी येऊन गेले. डीक्यू भेटला म्हन्ते पोट्टीले. पदक पाहायला मिळेल का, असं विचारत होते. बाबा ओसरीवर बसले होते. पदक तिकडेच राहिलं, म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितला.