शेवट न सांगता

आठवीत असताना शाळेच्या ग्रंथालयातून मी पहिल्यांदा एक रहस्यकादंबरी घरी नेली. खाकी कव्हर, कण्यावर चिकटपट्टी, आतल्या पानावर शाळेचा जांभळा शिक्का. नवव्या पानावर पोचले तर समासात शिसपेन्सिलीनं एक नाव लिहिलेलं आणि पुढं ‘हाच खुनी’. खाली दोन ठसठशीत रेघा. माझ्याआधीच्या कुणा सज्जनानं केलेली ही समाजसेवा!

मी पुस्तक भिरकावून दिलं. पण ग्रंथालयाचा तास आठवड्यातून एकदाच असायचा, तोवर पुस्तक बदलून मिळणार नव्हतं. रविवारी हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून तेच पुन्हा उघडलं, आणि वाचता वाचता भलतीच गंमत सुरू झाली. खुनी कोण ते मला ठाऊक होतं, पुस्तकातल्या बाकी कुणालाच नव्हतं. तो माणूस सगळ्यांच्या मदतीला धावत होता, हळहळत होता, आणि लेखिका त्याच्याबद्दल एक अक्षरही खोटं लिहीत नव्हती. वाक्य तेवढं नेमकं एक पाऊल अलीकडे थांबवत होती. समोर बसणाऱ्याला जादूगाराचा हात दिसत नाही. मला चुकून त्याच्या पाठीमागची खुर्ची मिळाली होती.

पुस्तक कोणतं ते सांगणार नाही. सांगितलं तर मी आणि तो पेन्सिलवाला एकाच माळेचे मणी.

अर्थात हे शहाणपण मागाहूनचं. त्या वेळी मला सूड हवा होता. पेन्सिलवाला कोण ते कळेना, म्हणून मी सगळ्या जगावरच सूड उगवायचं ठरवलं. महिन्याभरात ग्रंथालयातल्या आठ रहस्यकथांच्या समासात मी नावं लिहिली. सगळी चुकीची. कुठं बिचारा माळी, कुठं पहिल्याच प्रकरणात गावाला निघून गेलेली आत्या. संशय येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलं. आपण फार हुशार आहोत अशी माझी समजूत होती.

ग्रंथालयाच्या बाईंनी मला बोलावलं, एक पुस्तक उघडून पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, “डाव्या हातानं लिही नाहीतर उजव्या, तुझा ‘ख’ ‘रव’च राहतो. समासात खुनी नाही, रवुनी लिहिलंयस.”

शिक्षा दोन भागांत होती. सगळी नावं खोडायची, हा पहिला. दुसरा असा की खराब केलेल्या प्रत्येक पुस्तकामागे एक कार्ड लिहायचं. जुन्या नोंदकार्डांच्या कोऱ्या मागच्या बाजूवर पाच ओळी : हे पुस्तक का वाचावं. शेवट सांगायचा नाही. ‘उत्कंठावर्धक’, ‘थरारक’, ‘खिळवून ठेवणारं’ हे शब्द वापरायचे नाहीत. “ते शब्द कुठल्याही पुस्तकाला लागतात,” बाई म्हणाल्या. “या पुस्तकाचं काहीतरी सांग.”

आठ पुस्तकांची आठ कार्डं झाली, पण पुढं तो नादच लागला. शाळा सोडेपर्यंत मी कार्डं लिहीत राहिले, आणि मनातल्या मनात अजूनही लिहिते. ‘मुलांनी काय वाचावं ते लिहा’ असं शाळेच्या स्मरणिकेसाठी सांगण्यात आलं, तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही.

पहिलं कार्ड बाईंनी तीनदा परत केलं होतं. एरिश केस्टनर या जर्मन लेखकाचं ‘एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज’, मूळ पुस्तक १९२९चं. एमिल एकटाच रेल्वेनं बर्लिनला आजीकडे निघालाय. आईनं पै पै करून साठवलेले १४० मार्क पाकिटात आहेत. डब्यात टोपीवाला एक माणूस उरतो. एमिलला धीर धरवत नाही. तो कोटाची टाचणी काढतो, पाकीट आणि आतल्या नोटांतून आरपार घालून पैसे कोटाच्या अस्तराला टाचतो. मग त्याला झोप लागते. जाग येते तेव्हा पैसे नाहीत आणि माणूसही नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात पुढचं सगळंच होतं : शहरातली पोरं कशी जमतात, पाठलाग कसा होतो, चोर कसा सापडतो. बाईंनी लाल पेन्सिलीनं खालचं सगळं उडवलं. तिसऱ्या खर्ड्यातलं शेवटचं वाक्य तेवढं राहिलं : ‘टाचणी लक्षात ठेवा.’ पाचवी-सहावीतल्या मुलांना रहस्यकथेची गोडी लावायची असेल तर मी आजही याच पुस्तकापासून सुरुवात करीन. त्यात मुडदा नाही, पोलीस नावापुरते आहेत, आणि मुलं मोठ्यांसारखं नाही तर मुलांसारखंच डोकं चालवतात.

शेरलॉक होम्सची शिफारस करायला माझी गरज नाही. पण सुरुवात कुठून करावी, यात पुष्कळ जण चुकतात. एकूण ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा. माणूस शिस्तीत पहिल्या कादंबरीला, १८८७च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ला, हात घालतो. ऐन रंगात येताना ती अमेरिकेच्या वाळवंटात जाते आणि होम्स कितीतरी पानं दिसतच नाही. ती बाजूला ठेवावी. १८९२चा ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स’ हा बारा कथांचा संग्रह आधी घ्यावा. त्यानंतरची ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही शर्यतीच्या घोड्याची गोष्टही सोडू नये. रात्री कुत्र्यानं काहीच केलं नाही, हीच तिथली विचित्र गोष्ट. जे घडलं नाही तेही पुरावा असतं, हे भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही.

होम्स वाचताना मी एक शोध लावला होता. पहिल्या कादंबरीत डॉक्टर वॉटसनला लढाईत खांद्याला गोळी लागलेली आहे. १८९०च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये तीच जखम पायात उतरलेली! मी धापा टाकत ग्रंथालयात गेले. बाईंनी रजिस्टरमधून मान वर न करता विचारलं, “पान क्रमांक?” दोन्ही पानं दाखवली. “लेखकाचा गुन्हा,” त्या म्हणाल्या, “साक्षीदार तू.” हा घोळ जगभरच्या वाचकांना कधीपासूनच ठाऊक आहे, हे मला कॉलेजात कळलं. पण तो दुपारचा आनंद काही कमी झाला नाही.

अगाथा ख्रिस्तीबद्दल कार्ड लिहिताना ‘विष’ हा शब्द टाळता येत नाही. पहिल्या महायुद्धात ती रुग्णालयाच्या औषध विभागात काम करत होती. कोणतं द्रव्य किती मात्रेत औषध आणि किती मात्रेत मरण, हे तिथं शिकली. १९२०च्या पहिल्याच कादंबरीत, ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’मध्ये, तिनं ते ज्ञान वापरलं. माझी शिफारस मात्र १९३९च्या ‘अँड देन देअर वेअर नन’ची. बेटावर दहा माणसं, पोचवणारी होडी परत गेलेली, आणि भिंतीवर टांगलेली एक बडबडगीतासारखी कविता. या पुस्तकाच्या समासात नाव लिहायचं मलाही धाडस झालं नव्हतं.

अर्नाळकरांचं कार्ड लिहायची सोय नव्हती, कारण ती पुस्तकं ग्रंथालयात नव्हतीच. ती बाकाखालून फिरायची. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड हे नायक त्यांचेच. आज वाचताना शिवण कुठं उसवलीय ते दिसतं. पण माझ्या वर्गातली जी मुलं धड्याच्या पुस्तकाला हात लावत नसत, तीसुद्धा ती एका बैठकीत संपवत. ज्याला हे हलकं वाटतं त्यानं एकदा वर्ग वाचता करून दाखवावा.

साहसकथांत ‘ट्रेझर आयलंड’ अर्थात आलंच, १८८३चं. पण त्याची जन्मकथा मला पुस्तकाइतकीच आवडते. १८८१च्या पावसाळी सुट्टीत त्याचा लेखक स्टीव्हन्सन आपल्या सावत्र मुलाबरोबर रंगपेटी घेऊन बसला असताना त्यानं एका बेटाचा नकाशा काढला. खाड्या, टेकड्या, नावं. नकाशाकडे बघता बघता माणसं दिसायला लागली आणि तो प्रकरणं लिहू लागला. पुढं पुस्तक छापायच्या वेळी नकाशा प्रकाशकाकडे पाठवला आणि तो पोचलाच नाही! मग आपलंच पुस्तक पुन्हा बारकाईनं वाचून, प्रत्येक उल्लेख टिपून, त्याबरहुकूम दुसरा नकाशा काढावा लागला. आधी नकाशावरून गोष्ट, मग गोष्टीवरून नकाशा. म्हणून हे पुस्तक वाचताना शेजारी कागद ठेवा आणि छापलेला नकाशा न बघता आपला काढा. सफरचंदांच्या पिंपात बसलेला गोष्टीतला पोरगा जिम काय ऐकतो, तिथपर्यंत आलात की नकाशाची आठवण राहणार नाही, ते सोडा.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न आमच्यापर्यंत भा. रा. भागवतांच्या मराठीतून आला, आणि फास्टर फेणेही त्यांचाच, त्यामुळे ही दोन्ही माणसं बरीच वर्षं माझ्या डोक्यात एकाच शाळेत होती. व्हर्नचं ‘मिस्टीरियस आयलंड’ साहसकथा म्हणून ओळखलं जातं. मी ते रहस्यकथांच्या कप्प्यात ठेवते. १८६५, अमेरिकेतलं यादवी युद्ध. पाच जण आणि एक कुत्रा बलूनमधून निसटतात आणि निर्मनुष्य बेटावर येऊन आदळतात. जवळ बंदूक नाही, काडेपेटी नाही. सगळं हातानं, डोक्यानं उभं करतात. काही महिन्यांनंतर एकदा शिकारीचं मांस खाताना एकाच्या दाताखाली काहीतरी कडक येतं, दात तुटतो. तो ते तोंडातून काढून बघतो. शिशाची गोळी. बेटावर एकही बंदूक नसताना! मी हे वाचलं तेव्हा खरंच मान वळवून मागे पाहिलं होतं. एकच सूचना : आधी ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ वाचा, मगच या बेटावर या. भारतीय वाचकाला शेवटाकडे एका पानावर पुस्तक मिटून जरा वेळ बसावंसं वाटेल. का, ते सांगायला मला बंदी आहे.

नववी-दहावीच्या मुलांसाठी आणखी दोन कार्डं, शाळा सुटल्यावर लिहिलेली. जोसेफीन टे यांचं ‘द डॉटर ऑफ टाइम’, १९५१. यातला पोलीस अधिकारी पाय मोडून रुग्णालयात पडलाय आणि पलंगावरून एका जुन्या राजाच्या चित्राकडे बघत त्याच्यावरच्या खुनाच्या आरोपाचा तपास करतो. इतिहासाचं पुस्तक साक्षीदारासारखं उलटतपासणीला उभं करता येतं, हे इतिहासाच्या तासाला मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं जपानी, केगो हिगाशिनोचं ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’, २००५. इथं खून आपल्या डोळ्यांदेखत, सुरुवातीलाच होतो. कुणी केला ते कळतं, का केला तेही कळतं. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक मदतीला येतो. मग उरलं काय, असं वाटेल. तेच तर! त्या पेन्सिलवाल्याला या पुस्तकाच्या समासात लिहायला काही मिळालं नसतं.

बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. त्या एका शब्दासाठी तरी वाचा. विल्की कॉलिन्सचं ‘द मूनस्टोन’ (१८६८) सुट्टीसाठी राखून ठेवा. ते जाडजूड आहे, एका हिऱ्याची तीच गोष्ट वेगवेगळी माणसं आपापल्या परीनं सांगतात, आणि त्यातला म्हातारा नोकर कुठल्याही संकटात ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडून सल्ला घेतो. रेमंड चँडलर हा रहस्यकथाकार मात्र तुम्ही मोठे झाल्यावर वाचा. त्याच्या ‘द बिग स्लीप’वर सिनेमा करताना एका पात्राचा खून झाला की त्यानं आत्महत्या केली, यावर वाद झाला, म्हणून लेखकालाच तार केली. त्यालाही ठाऊक नव्हतं! हे त्यानंच पत्रात लिहून ठेवलंय. शेवट सांगायचा नाही, ही अट त्यानं फारच मनावर घेतली म्हणायची.

आता एक कबुलीजबाब. आठांपैकी सातच नावं मी खोडली. आठवं पुस्तक तेव्हा कुणीतरी नेलेलं होतं. ते परत आलं तेव्हा मी ‘विसरले’.

स्मरणिकेच्या बैठकीला शाळेत गेले, तेव्हा ग्रंथालय उघडं दिसलं. कपाटं नवी, कप्पे तेच. पुस्तकही तेच, कव्हर बदललेलं. समास उघडला. नाव पुसट झालं होतं, पण ‘रवुनी’ स्पष्ट वाचता येत होतं. त्याखाली दुसऱ्या कुणाच्या अक्षरात : ‘खोटं आहे. मी शेवटपर्यंत वाचलं.’ आणि त्याखाली तिसऱ्या, बारीक, नेटक्या अक्षरात : ‘प्रकरण पाच नीट वाचा.’

पर्समध्ये खोडरबर होतं. मी बाकावर बसले आणि पाचवं प्रकरण काढलं.