न लावलेला रंग

जेवून आडवं व्हायचं सोडून काल दुपारी मी मोबाइलवर १९१६ सालचा एक इटालियन मूकपट लावून बसले. ‘चेनेरे’. इटालियन रंगभूमी गाजवणाऱ्या एलेओनोरा दूझेने आयुष्यात केलेला हा एकुलता एक चित्रपट. ग्राझिया देलेद्दाच्या कादंबरीवरचा. पोराचं भलं व्हावं म्हणून त्याला बापाच्या दारी सोडून जाणारी सार्डिनियातली आई. दूझे तेव्हा साठीकडे झुकलेली, केस पांढरे, आणि बाई उभ्या कशा, तर सारख्या पाठमोऱ्या, नाहीतर सावलीत. अख्ख्या युरोपाने डोक्यावर घेतलेली नटी, आणि कॅमेऱ्याला तोंड दाखवायला राजी नाही! शेवटी मी तिच्या हातांकडेच बघत राहिले.

ही बाई रंगमंचावरही चेहऱ्याला रंग लावायचं टाळायची.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला रंगवायला एक काका येत. रांगेत उभं करून एकाच स्पंजाने सगळ्यांना गुलाबी करत. राजा असो, भिकारी असो, गाल सारखेच लाल. मी झाड होते. झाडाला लाली कशाला, असं विचारायची सोय नव्हती. रात्री आजी खोबरेल तेल चोळचोळून तोंड पुसायची, तरी दुसऱ्या दिवशी वर्गात कानामागे गुलाबी उरलेलं असायचंच.

कानावरून आठवली दूझेच्या काळातली फ्रेंच नटी सारा बर्नहार्ट. १८९५च्या जूनमध्ये लंडनात या दोघींनी झुडरमान या जर्मन नाटककाराच्या एकाच नाटकातली नायिका, मॅग्डा, केली, थोड्याच दिवसांच्या अंतराने. नाटककार बर्नार्ड शॉ, तेव्हा नाट्यसमीक्षक, दोन्हीकडे जाऊन बसला. बर्नहार्ट कानसुद्धा लाल रंगवते, हे त्याने टिपलं. दूझेचं निराळंच. आपल्या मुलाचा बाप इतक्या वर्षांनी समोर येतो त्या प्रवेशात ती बोलता बोलता खरोखरच लाजली, चेहरा लाल होत गेला, आणि तो लपवायला तिला खाली बघावं लागलं. शॉ भारावला. पण लगेच त्याला शंका आली, हे दर प्रयोगाला आपोआप होतं का? प्रश्न खवचट आहे, पण मला फार आवडतो. फिरत्या नाटकवाल्यांच्या घरात जन्मलेली, चौदाव्या वर्षी व्हेरोनात ज्युलिएट झालेली मुलगी. तिला काय काय आपोआप होत असेल, कोण सांगणार. मूकपटात तर लाली दिसायचीही सोय नाही, सगळंच करडं.

१९०९मध्ये तिने नाटक सोडलं आणि १९२१मध्ये परत आली ती इब्सेनच्या ‘द लेडी फ्रॉम द सी’ नाटकातली एलिडा होऊन. एलिडा तरुण बायको, दूझे ६२ वर्षांची. केस पांढरेच ठेवले, टोप नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी एकदा लग्नाला पांढऱ्या केसांनी गेले, तर तीन जणींनी विचारलं, “बरं नाही का गं?” तेव्हापासून लोखंडी कढईत मेंदी भिजवतेय. दूझेचं ठीक आहे, तिला सोसायटी नव्हती.