‘थायरॉईड नॉर्मल आहे’

सांगलीत फिजिशियन म्हणून बसलं की जत, आटपाडीकडचे पेशंट दोन गोष्टी घेऊन येतात: प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले जुने रिपोर्ट आणि चार नातेवाईक. रिपोर्ट सगळेच डॉक्टर बघतात. नातेवाइकांना बाहेर काढतात.

ही बाई पस्तिशीची. तीन दिवस उलट्या, मग बेशुद्ध. वरचं बीपी ऐंशीच्या आत, शुगर 46, सोडियम 112. ते 135 च्या वर पाहिजे. सोबतच्या चिठ्ठीवर ‘गॅस्ट्रो’. पिशवीत दहा वर्षांचे कागद: अशक्तपणा, रक्त कमी, डिप्रेशन, परत अशक्तपणा. प्रत्येक वेळी सलाईन आणि टॉनिक. तीन लॅबचे टीएसएच (थायरॉईडसाठी करतात ती रक्ततपासणी), तिन्ही ठीक, आणि एकावर पेनानं गोल करून लिहिलेलं, ‘थायरॉईड नॉर्मल आहे’.

मी अडकलो पोटॅशियमवर. ते होतं 4.1, अगदी नॉर्मल. सोडियम, शुगर आणि बीपी तिन्ही पडलेली दिसली की पहिला संशय मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रीनल ग्रंथींवर. पण त्या स्वतः नासल्या असत्या तर पोटॅशियम बाहेर टाकायला लावणारं त्यांचं अल्डोस्टेरॉनही गेलं असतं, पोटॅशियम चढलं असतं, कातडी काळवंडली असती. ही तर पांढरीफटक. भुवया विरळ, तोंडाभोवती बारीक सुरकुत्या. सिस्टरना बघायला सांगितलं, काखेत केस नाहीत. म्हणजे अॅड्रीनल जागेवर होत्या, त्यांना वरून हुकूमच येत नव्हता.

बाहेर बाकड्यावर सासूबाई बसल्या होत्या. विचारलं, “मावशी, बाळंतपणानंतर हिला दूध आलं होतं का?”

नवऱ्यानं मान खाली घातली. सासूबाईंना मात्र कसला संकोच नव्हता. “थेंब न्हाई आला. पोरगं शेळीच्या दुधावर वाढवलं म्या.”

“आणि पाळी?”

“तवापास्नं न्हाईच.”

“रक्त जास्त गेलं होतं?”

“गादी भिजून खाली ठिबकत हुतं. मिरजेहून बाटल्या येस्तोवर पोरगी गार पडली हुती.”

निदान तिथंच झालं. शीहान सिंड्रोम. ग्लासगोच्या हॅरल्ड शीहान या पॅथॉलॉजिस्टनं 1937 साली लिहून ठेवलेलं.

नाकाच्या मागे, कवटीच्या तळाच्या हाडात एक खोबण असते. त्यात हरभऱ्याएवढी पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. गरोदरपणात दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनच्या पेशी वाढून तिचा पुढचा भाग फुगतो, पण त्याला रक्त येतं ते मेंदूकडून उतरणाऱ्या शिरांतून, कमी दाबानं. बाळंतपणात बीपी कोसळलं की हा फुगलेला भागच आधी उपाशी मरतो. मग दूध नाही, पाळी नाही, आणि थायरॉईडला व अॅड्रीनलला चालना देणारं कुणी नाही. हे सगळं एका रात्रीत होतं, पण माणूस झिजतो वर्षानुवर्षं.

टीएसएच थायरॉईडमध्ये बनत नाही, पियुषिकेत बनतं. थायरॉईड मंदावली की पियुषिका ओरडते, म्हणून आकडा वाढतो. ओरडणारीच गेल्यावर आकडा ‘नॉर्मल’ दिसला तर त्यात नवल काय? हिचं टीएसएच 2.9 आणि फ्री टी-4, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, तळाला. पण पॅकेजात टीएसएच स्वस्त, आणि लाल अक्षरात छापून आलं नाही तर आमच्यातले निम्मे रिपोर्टची घडी घालून परत देतात.

अॅड्रीनलमधून येणाऱ्या कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून ठेवलं आणि रिपोर्टची वाट न बघता तेच औषध म्हणून, हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम, शिरेतून दिलं. (रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, 1.8. इतक्या आजारात तो अठराच्या पुढे हवा.) थायरॉईडचं औषध, थायरॉक्सिन, मुद्दाम मागे ठेवलं. ते आधी दिलं तर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही झपाट्यानं संपतं आणि पेशंट हातचा जातो.

खरी कसोटी रात्री. कॉर्टिसॉल मिळताच अंगात साठलेलं पाणी मूत्रपिंडं भराभरा सोडायला लागतात, युरिन बॅग भरत राहते आणि सोडियम नको तितक्या वेगानं चढतं. चोवीस तासांत आठ अंकांपेक्षा जास्त चढलं तर मेंदूला इजा होण्याची भीती. दर चार तासांनी सोडियम हवं होतं आणि लॅबचा मुलगा झोपलेला. नाइटच्या सिस्टरनं त्याला दर वेळी उठवलं. तिच्याएवढं काम त्या रात्री कुणी केलं नाही, मीही नाही.

सकाळी बाईंनी चहा मागितला. नवरा म्हणाला, “हिचा आवाजच बदलला वं.” घरात दहा वर्षं तिला आळशी म्हणायचे. सासूबाईंनी हे माझ्यासमोरच सांगितलं, चुकल्याच्या सुरात नव्हे, माहिती म्हणून. निदान याच सासूबाईंकडे होतं, दहा वर्षं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पुढे एमआरआयमध्ये ती खोबण जवळपास रिकामी निघाली. गोळ्या जन्मभराच्या, ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट, उलटी झाली तर इंजेक्शन. फाइलच्या पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून दिलं, ‘ही गोळी एक दिवसही बंद करायची नाही’. महिन्यानं आली ती परत फिकी पडून. गावातल्या मेडिकलवाल्यानं सांगितलं होतं, हे स्टेरॉईड आहे, हाडं ठिसूळ होतात, अर्धी घ्या. सासूबाई म्हणाल्या, “त्यो बी शिकलेलाच हाय की.” मी त्याचा नंबर घेतला आणि ओपीडी थांबवून त्याच्याशी बोललो. त्यानं ऐकून घेतलं. पटलं का, ते पुढच्या सोडियममध्ये कळेल.