माझ्याच मूलपेशी, नव्या जनुकासह

बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजारामुळे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवून घेणे मला लहानपणापासून अंगवळणी पडले होते. जनुकोपचाराचे संमतिपत्र हाती आले, तेव्हा त्यातील विषाणू मुळात एचआयव्हीपासून घडवलेला आहे हे वाचून घरचे सगळे हबकले. रोग पसरवणारी जनुके काढून टाकलेला हा लेंटिव्हायरस स्वतःची वाढ करू शकत नाही, सोबतचे जनुक पेशीच्या डीएनएत कायमचे जोडणे एवढेच तो करतो, हे डॉक्टरांनी समजावले. मला मात्र ते जनुक नेमके कुठे जाऊन बसणार याची चिंता होती. २००० च्या सुमारास पॅरिसमध्ये एक्स-स्किड हा प्रतिकारशक्तीच नसण्याचा जन्मजात आजार असलेल्या बाळांवर गॅमारेट्रोव्हायरस हा वेगळ्या प्रकारचा विषाणू वापरून असा उपचार झाला. त्यांची प्रतिकारशक्ती सावरली, पण काहींच्या पेशींत विषाणू एलएमओ२ या जनुकाजवळ रुजल्याने त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. आताच्या विषाणूत शेजारच्या जनुकांना चेतवणारा भाग निकामी केलेला असल्याने धोका घटला आहे, संपलेला नाही, असे मला स्पष्ट सांगण्यात आले आणि त्या स्पष्टपणामुळेच मी सही केली.

रक्तपेशी तयार करणाऱ्या मूलपेशी अस्थिमज्जेतून रक्तात उतराव्यात म्हणून आधी इंजेक्शने दिली गेली. रक्तातून हव्या त्या पेशी वेगळ्या काढून उरलेले रक्त परत देणाऱ्या अफेरेसिसच्या यंत्राला जोडलेली असताना ओठांना मुंग्या येत, कारण रक्त गोठू नये म्हणून मिसळलेले सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवते. मग लगेच कॅल्शियम देत. प्रयोगशाळेत सीडी३४ ही मूलपेशींची खूण असलेल्या पेशी निवडून त्यांत बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या घटकाचे जनुक घालण्यात आले आणि सगळ्या तपासण्या होईपर्यंत त्या गोठवून ठेवल्या गेल्या.

खरी कसोटी लागली ती बुसल्फानने. नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून ही केमोथेरपी जुनी अस्थिमज्जा रिकामी करते. तिने वंध्यत्व येऊ शकते, म्हणून माझी स्त्रीबीजे आधीच साठवून ठेवली होती. तोंड इतके सोलवटले की पाण्याचा घोटही उतरेना. समुपदेशनात विषाणूइतकाच वेळ या औषधाला मिळायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

त्यामानाने पेशी परत देण्याचे काम थोडक्यात आटोपले. गोठवताना वापरलेल्या डीएमएसओ या रसायनामुळे तोंडात लसणासारखी चव तेवढी रेंगाळली. न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सलग तीन तपासण्यांत रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे ५०० च्या वर राहिल्यावर पेशी रुजल्याचे डॉक्टरांनी सांगितले. पुढे रक्त चढवणे थांबले, तरी आधीच्या रक्तामुळे साठलेले लोह काढण्याचे औषध चालू आहे. एकूण १५ वर्षे माझ्यावर लक्ष ठेवले जाणार आहे. विषाणू रुजलेल्या पेशींपैकी एखाद्याच पेशीचा वंश बेसुमार वाढत नाही ना, हे त्यात तपासतात.